देवगिरीचा खंदक आणि मोंढ्यातील गोदाम

दौलताबादचा किल्ला पाहावयास गेलेल्या कुटुंबाला वाटाड्या ज्या गोष्टी हमखास ऐकवतो, त्यांत खंदकाची गोष्ट मुलांना सर्वाधिक आवडते. डोंगराचा पायथा तासून उभी भिंत केलेली, तिच्याभोवती खडकात खोदलेला खोल खंदक, आणि त्यावरून पलीकडे जाण्यास एकच अरुंद वाट. या खंदकात म्हणे पूर्वी मगरी आणि विषारी साप सोडलेले असत. अंधारीच्या भुयारी वाटेत चकलेला शत्रू खाली कोसळला की त्याचा निकाल लागलाच. मुले कठड्यावरून वाकून पाहतात, आई त्यांचा हात धरून मागे ओढते आणि मंडळी चांदमिनाराकडे वळतात.

ही कथा रंजक आहे खरी, पण सापाच्या स्वभावाशी तिचा मेळ बसत नाही. नाग पोहू शकतो, मात्र पाण्यात वस्ती करून राहत नाही. त्याला वारूळ, शेताचा बांध, दगडांची कपार आणि उंदीर-बेडकांचा सुकाळ लागतो. घोणस आणि फुरसे तर कोरड्या जागेचे रहिवासी. पाण्याने भरलेल्या खंदकात आपणहून येऊन राहील असा साप म्हणजे दिवड. ती बिनविषारी असून मासे आणि बेडूक हा तिचा आहार. शिवाय सापाला शत्रू-मित्र शिकवता येत नाही. तो कोणाच्या पगारावर पहारा देत नाही, माणसाच्या अंगावर चालून जात नाही, आणि मोठ्या प्राण्याची चाहूल लागली की पहिला विचार पळून जाण्याचा करतो. शेकडो साप खंदकात सोडले असते, तर त्यांतील बरेचसे भिंतींच्या भेगांतून निघून गेले असते आणि उरलेले भुकेने मेले असते. किल्ल्याचे खरे संरक्षण त्या तासलेल्या कड्यात होते. साप फक्त गोष्टीत शिरला, कारण भीती घालण्यासाठी त्याच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

याच यादवांच्या देवगिरीच्या काळात, येथून अवघ्या पंधरा किलोमीटरवर, सापाचे अगदी वेगळे रूप खडकात कोरले जात होते. वेरूळच्या जैन लेण्यांच्या वरच्या अंगाला असलेल्या चारणाद्रीच्या डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची सुमारे सोळा फूट उंचीची भव्य प्रतिमा आहे. तिच्यावरील लेख शके ११५६ चा, म्हणजे इसवी सन १२३४-३५ चा आहे, आणि प्रतिमा करवून घेणाऱ्या चक्रेश्वर नावाच्या दात्याचा त्यात उल्लेख आहे. तेव्हा देवगिरीच्या गादीवर सिंघण यादव होता. खाली ३० ते ३४ क्रमांकाच्या लेण्यांत तर याहून जुनी शिल्पे आहेत. इंद्रसभेत एका बाजूस कमठाचा उपसर्ग शांतपणे सोसणारे पार्श्वनाथ उभे आहेत, त्यांच्या मस्तकावर धरणेंद्राने फण्यांचे छत्र धरले आहे आणि शेजारी पद्मावती आहे. दुसऱ्या बाजूस वेलींनी वेढलेला बाहुबली आहे. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायांशी तर वारुळे आणि त्यांतून डोकावणारे साप आहेत. एका मार्गावरच्या दोन स्थळी सापाची ही दोन रूपे आहेत. एकीकडे तो मारेकरी, दुसरीकडे तोच छत्र धरणारा.

जैन घरांतील मुलांना दुसरे रूप आधी ठाऊक होते. कमठ तापसाने पेटवलेल्या ओंडक्यात जळणारे नागयुगल, ते ओळखणारा राजकुमार पार्श्व आणि मरणसमयी त्या जीवांच्या कानी पडलेला नवकार ही कथा पाठशाळेच्या पहिल्या वर्षात येते. मात्र त्या कथेतला एक बारकावा सहसा निसटतो. ओंडक्याच्या ढोलीत साप आहे हे तापसाला माहीत नव्हते. त्याच्या हातून झालेली हिंसा द्वेषातून झालेली नव्हती, ती अज्ञानातून झालेली होती. आज ज्या घरात मुंगी तुडवली जाऊ नये म्हणून पाहून पाऊल टाकले जाते, त्याच घराच्या गोदामात धामण निघाली तर हमाल काठी घेतो आणि कोणी त्याला थांबवत नाही, याचेही कारण बहुधा तेच आहे. समोरचा जीव कोण आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

गोदामात साप का येतो, याचे उत्तर सोपे आहे. मोंढ्यातल्या कोणत्याही जुन्या गोदामात धान्याची थप्पी भिंतीला टेकून लावलेली असते, कोपऱ्यात फाटक्या बारदानाचा ढीग असतो, शटरखाली दोन बोटांची फट असते आणि मागच्या गटाराला जाळी नसते. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. सापाला ज्वारी, तूर, गूळ यांत काडीचा रस नाही. तो शुद्ध मांसाहारी प्राणी आहे आणि उंदराच्या बिळात थेट शिरू शकणारा त्याच्यासारखा शिकारी दुसरा नाही. मांजर बिळाच्या तोंडाशी बसून राहते, घुबड उघड्यावर झडप घालते, साप मात्र बिळात जाऊन पिलांसकट सारे बिऱ्हाड रिकामे करतो.

त्याच्या देहाची रचनाच त्यासाठी आहे. पाय नाहीत, दोनशे ते चारशे मणक्यांची लवचीक माळ आहे, डावे फुप्फुस बहुतेक जातींत आखडून गेलेले आहे आणि बाकी सारे अवयव लांबट होऊन एकामागे एक बसले आहेत. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे जुळलेले नसतात, ते ताणल्या जाणाऱ्या बंधांनी जोडलेले असतात. म्हणून डोक्याहून मोठे भक्ष्य तो गिळू शकतो. पापण्या नसल्यामुळे त्याची नजर रोखलेली वाटते. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही बदलतो. दुभंगलेल्या जिभेने साप दंश करीत नाही, ती त्याच्या वास घेण्याच्या कामी येते. हवेतील सूक्ष्म कण टिपून ती टाळूतील एका खास इंद्रियाला पोचवते आणि जिभेच्या कोणत्या टोकाला वास अधिक आला, त्यावरून तो दिशा ठरवतो. बाहेरचा कान नसला तरी तो ठार बहिरा नाही. जमिनीची कंपने जबड्याच्या हाडावाटे अंतर्कर्णात पोचतात आणि हवेतील खालच्या पट्टीचे काही ध्वनीही त्याला जाणवतात. गारुड्याची पुंगी मात्र त्याला मोहित करीत नाही. डोळ्यांपुढे हलणाऱ्या वस्तूपासून सावध राहण्यासाठी तो फणा तिच्याबरोबर वळवतो आणि पाहणारे त्याला नाच समजतात.

जगात सापांच्या सुमारे चार हजार जाती आहेत आणि भारतात तीनशेहून अधिक. त्यांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. मराठवाड्यातील वस्त्यांच्या आसपास जे साप वरचेवर दिसतात, त्यांत धामण पहिली. सहा-सात फूट लांब, पिवळसर तपकिरी, दिवसा फिरणारी आणि कमालीची चपळ. तिची लांबी आणि वेग पाहून लोक तिला नाग समजतात आणि मारतात. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटी म्हशीच्या नाकात घालून तिला मारते, हे समज अजूनही शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकू येतात. सापाला ओठही नाहीत आणि चोखण्याची क्रियाही नाही. शिवाय आकड्यांसारख्या मागे वळलेल्या दातांची रांग आचळाला लागली, तर कोणती गाय स्वस्थ उभी राहील? पावसाळ्याच्या तोंडाला दोन धामणी एकमेकींना पीळ घालून निम्म्या अंगाने उभ्या राहिलेल्या दिसल्या की काही जण त्यांच्यावर कोरे वस्त्र टाकतात आणि ते तिजोरीत ठेवतात. सर्पमीलनाचे ते वस्त्र लक्ष्मी आणते अशी समजूत आहे. असे पीळ घालून उभे राहिलेले ते दोघे बहुधा नर असतात आणि मादीसाठी त्यांची झुंज चाललेली असते.

दिवड पाण्याकाठी. तस्कर घराच्या आढ्यापर्यंत चढणारा. नानेटी गवतात, हरणटोळ झुडपांत. कुंडीतली माती उकरताना गांडुळासारखा जो काळा चमकदार जीव वळवळत निघतो, तो वाळा नावाचा सापच आहे. तो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो, त्याच्या जातीत नर आढळतच नाही, माद्याच माद्यांना जन्म देतात, आणि कुंड्यांच्या मातीतून प्रवास करीत तो जगभर पसरला आहे. गांडूळ समजून त्याला सोडले तरी बिघडत नाही, साप समजून चिरडले तर मात्र हकनाक एक जीव जातो.

मांडुळाविषयी व्यापारी वाचकांसाठी थोडे अधिक सांगितले पाहिजे. मातकट रंगाचा, जाड, संथ आणि शेपूटही तोंडासारखीच बोथट असलेला हा साप दुतोंड्या म्हणून ओळखला जातो. त्याला दोन तोंडे नाहीत. शत्रूने डोक्याऐवजी शेपटीवर घाव घालावा, अशी ती निसर्गाने केलेली हुलकावणी आहे. या गरीब प्राण्याविषयी गेली काही वर्षे असे पसरवले गेले आहे की ठरावीक वजनाच्या वर गेलेले मांडूळ गुप्तधन दाखवते, पैशांचा पाऊस पाडते, परदेशात त्याला कोट्यवधी रुपये मिळतात. महाराष्ट्रात अशा तस्करीच्या आणि फसवणुकीच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. वजन वाढवण्यासाठी त्या जिवाला शिसे किंवा छर्रे गिळवल्याचेही प्रकार उघडकीस आले आहेत. ज्या मालाचा अंतिम खरेदीदार आजवर कोणी पाहिला नाही, ज्याची पावती नाही, दर ऐकीव आणि इसारा मात्र रोख मागितला जातो, अशा सौद्यात हिशेब कळणारी माणसे कशी सापडतात, हे कोडेच आहे. मांडूळ जाते, पैसे जातात आणि वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

आता विषारी साप. भारतात माणसाच्या जिवावर बेतणारे बहुतेक दंश चार जातींचे असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग ओळखण्यास सोपा. फणा म्हणजे मानेच्या लांब बरगड्या पसरल्याने ताणली गेलेली कातडी, आणि तिच्यावर बहुधा चष्म्याची खूण. वेरूळच्या शिल्पकाराने अनेक फणे कोरले ते श्रद्धेने, पण एकेक फणा पाहिला तर त्याची कड, त्याचा पुढे कललेला तोल हे सारे जिवंत नाग पाहिलेल्या हाताचे काम वाटते. फणा काढणे ही चढाई नसते. ‘मी येथे आहे, दूर व्हा’ अशी ती सूचना असते. नागीण उन्हाळ्यात दहा ते तीस अंडी घालून त्यांच्यापाशी पहारा देते आणि सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या दिवसांत, पिले बाहेर पडतात. ती वीतभर पिलेही जन्मापासून विषारी असतात. नागाचे विष मज्जातंतूंवर घाला घालते. पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते आणि शेवटी श्वास थांबतो.

घोणस जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारख्या मोठ्या ठिपक्यांच्या तीन रांगा. तिचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ असतो. ती अंडी घालीत नाही, एका वेळी वीस-चाळीस जिवंत पिलांना जन्म देते. दौलताबादची सीताफळे पिकतात ते दिवस पावसाळा सरतानाचे. तेव्हा बागांत गवत गुडघाभर वाढलेले असते आणि पानांचा खच पडलेला असतो. अशा पाचोळ्यात स्वस्थ पडलेली घोणस जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाही. अजगराचे पिल्लू समजून तिला हात लावणारेही दगावले आहेत. तिच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅट्रिक रसेल या कंपनी सरकारच्या वैद्याने १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्याच्या सापांवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता, त्याचे नाव शास्त्रज्ञांनी पुढे या सापाला दिले.

फुरसे हातभराचे, पण तापट. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा खरखर आवाज काढते. माळरान, दगडांच्या राशी ही त्याची जागा. कोकणात ते इतके होते की एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या प्रत्येक फुरशामागे बक्षीस ठेवले. १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठवडाभरात एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणल्याची नोंद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. खजिन्यातून बक्षिसे वाटली गेली, नोंदवहीत आकडा चढला, आणि फुरसे आजही रत्नागिरीत आहे.

मण्यार मात्र या चौघांत सर्वांत फसवी. निळसर काळे चकचकीत अंग, त्यावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा, बहुधा दोन-दोनच्या जोडीने आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट. बिनविषारी कवड्या साप तिच्यासारखाच दिसतो, परंतु त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. ओळखण्याचा हा भेद कागदावर सोपा आहे. रात्री कंदिलाच्या उजेडात त्याची परीक्षा घेऊ नये. मण्यार दिवसा सुस्त असते, रात्री उंदीर, पाली आणि इतर साप शोधत फिरते आणि घरांत शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली, तिच्या अंगावर हात पडला की ती चावते. तो दंश इतका सूक्ष्म असतो की माणसाला पुष्कळदा जागही येत नाही. दाताची खूण दिसत नाही, सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरल्यासारखा वाटतो, डोळ्यांच्या पापण्या उघडेनाशा होतात. घरचे त्याला अपचन समजून ओवा देतात. सूर्य वर येईपर्यंत श्वास मंदावलेला असतो.

मोंढ्यातील गोदामाचा विचार करताना सर्वाधिक लक्ष द्यायला हवे ते येथे. मालक रात्री घरी पलंगावर झोपतो. राखणदार, गाडीवान, हंगामासाठी आलेले हमाल बारदान अंथरून थप्पीच्या कडेला, उंदीर जेथून फिरतात त्याच जमिनीवर झोपतात. मण्यारीचा दंश कोणाच्या वाट्याला येणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. त्यावरचा उपायही काही मोठ्या खर्चाचा नाही. जमिनीपासून हात-दीड हात उंच बाज, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि रात्री उठल्यावर हाती लागेल अशी विजेरी. मच्छरदाणी डासांसाठी शोधली गेली, पण मण्यारीपासूनही ती झोपलेल्या माणसाला वाचवते.

हा प्रश्न किती मोठा आहे, ते २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतील एक चतुर्थांशाहून अधिक मुले पंधरा वर्षांखालील होती. निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. आणि बहुतेकांनी प्राण सोडला तो खेड्यातील घरी, रुग्णालयात पोचण्यापूर्वी किंवा पोचण्याचा प्रयत्नही न करता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतले आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला.

घरी मृत्यू का येतो? कारण पहिले दोन तास वाया जातात. कोणी दोरीने पाय आवळतो, त्यामुळे पुढचा भाग कुजतो. कोणी ब्लेडने चिरा देतो. घोणशीच्या दंशात रक्त गोठतच नसल्याने ती चीरच जीवघेणी ठरते. कोणी कडुलिंबाचा पाला आणि मिरची खायला देऊन कडू-तिखट लागते का विचारतो, कोणी मांत्रिक गाठतो. मांत्रिकाची कीर्ती टिकते ती बिनविषारी सापांच्या जिवावर. दहा जणांना चावलेले साप बहुधा बिनविषारीच निघतात, कधी विषारी सापही विष न सोडता चावतो, आणि ती सारी माणसे मंत्राने वाचली असे गावभर होते. अकराव्या माणसाला मण्यार चावलेली असते.

करायचे ते थोडकेच आहे. माणसाला धीर द्यावा, चालवू नये. अंगठी, कडे, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून मोडल्यासारखा स्थिर ठेवावा आणि १०८ ची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन थेट अशा रुग्णालयात न्यावे, जेथे प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे. शासकीय रुग्णालयांत हे औषध विनामूल्य मिळते. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. आपल्याकडील प्रतिसर्पविष वरच्या चारही जातींवर एकत्र चालणारे असते आणि डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. ताजे रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवायचे आणि ते गोठले की नाही पाहायचे, या साध्या चाचणीवरून घोणस-फुरशाचे विष ओळखता येते.

हे औषध तयार कसे होते, तेही जाणून घेण्याजोगे आहे. १८९० च्या दशकात फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांनी घातलेला पाया आजही तोच आहे. सापाचे विष अल्प मात्रेत घोड्याला टोचत जायचे, त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्ये तयार झाली की थोडे रक्त काढून ती वेगळी करायची. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये हे काम अनेक दशके चालत आले आहे. देशातील बरेचसे विष तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. पूर्वी कातड्यांसाठी साप मारणारी ही माणसे. सत्तरच्या दशकात सर्पचर्माचा व्यापार बंद झाला, हाताला काम उरले नाही, तेव्हा १९७८ मध्ये त्यांची ही संस्था उभी राहिली. साप पकडायचा, काही आठवडे ठेवून तीन-चार वेळा विष काढायचे आणि पुन्हा रानात सोडायचा. मरणाऱ्या माणसाला वाचवणारी कुपी अशी जिवंत सापाच्या दातांतून आणि घोड्याच्या रक्तातून येते. अहिंसेचा सूक्ष्म विचार करणाऱ्या वाचकाला येथे थोडे अडखळायला होईल. अडखळणे योग्यच आहे, पण पर्यायी औषध आजघडीला बाजारात नाही.

दुधाचा प्रश्न त्या मानाने निर्विवाद आहे. साप सरपटणारा प्राणी. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न. नागपंचमीपूर्वी गारुडी नाग पकडतात, विषाचे दात मोडतात, कधी तोंड शिवतात, आणि कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतात. तहानेने व्याकूळ झालेला तो जीव समोर येईल ते द्रव पितो. दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेल्यास तो मरतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची मिरवणूक निघत असे, तिला उच्च न्यायालयाच्या आदेशाने आळा बसला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे नाग पकडणे, बाळगणे, त्याचा खेळ दाखवणे हा गुन्हा आहे आणि दारी आलेल्या गारुड्याला दिलेली दक्षिणा त्याच गुन्ह्याला भांडवल पुरवते.

श्वेतांबर परंपरेतील महावीरचरित्रात चंडकौशिकाची कथा आहे. भगवंतांच्या बोधाने शांत झालेला तो दृष्टिविष सर्प कोणाला इजा होऊ नये म्हणून तोंड बिळात घालून पडून राहिला. लोकांना कळले, तेव्हा त्यांनी भक्तीने त्याच्यावर दूध-तूप वाहिले. त्या स्निग्धतेला मुंग्या लागल्या. मुंग्यांनी अंग पोखरले तरी एकही मुंगी चिरडू नये म्हणून तो हलला नाही. या कथेतील त्याची क्षमा सर्वांना आठवते. त्याच्या वेदनेचे कारण लोकांनी वाहिलेले दूधच होते, हे सहसा कोणी आठवत नाही.

गोदामात किंवा घरात साप दिसला तर काठी शोधू नये, फिनाईलही शिंपडू नये, त्याचा सापावर भरवसा ठेवावा असा परिणाम होत नाही. आठ-दहा फुटांवरून त्याच्यावर नजर ठेवावी, मुलांना दूर न्यावे, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परिसरातील अधिकृत सर्पमित्राला कळवावे. महाराष्ट्रात सापाविषयीची भीती कमी करण्याचे बरेच श्रेय पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांना जाते. १९८० साली त्यांनी काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांसह बहात्तर तास काढले, ते साप विनाकारण चावत नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसावे म्हणून. कात्रजचे सर्पोद्यानही त्यांच्याच धडपडीतून उभे राहिले. त्यांचे अनुकरण करण्याचा मोह काही तरुणांना होतो आणि मोबाईलवर चित्रण करता करता नाग गळ्यात घालणारे सर्पमित्र प्राण गमावतात. तो विद्येचा भाग नव्हे.

साप येऊच नये असे वाटत असेल, तर काम दाण्यापासून सुरू करावे लागते. थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून लावणे, सांडलेले रोज झाडणे, शटरखालची फट आणि गटाराचे तोंड बंद करणे, बारदान उन्हात काढून मोजून ठेवणे. उंदरासाठी चिकट फळी लावू नये. तिच्यावर उंदीर तडफडत मरतो आणि त्याच्या मागे आलेला सापही चिकटून बसतो. उंदीर आत येऊच न देणे हाच दोन्ही जीव वाचवणारा मार्ग, आणि त्यात मालाची घटही वाचते.

दिवाळीनंतर नवा माल येण्यापूर्वी जुन्या थप्प्या हलवल्या जातात, तेव्हा कधी कधी तळच्या पोत्यामागे कात सापडते. कागदासारखी पातळ, तोंडापासून उलटी सुटलेली, डोळ्यांच्या जागी दोन गोल काचा. कात ताणली गेलेली असते, त्यामुळे ती सापाहून थोडी लांबच भरते. कोणी ती उजेडात धरतो, कोणी मुलांना दाखवायला घरी नेतो. फुटपट्टी लावली तर सात फुटांच्या आसपास, अंगावर ना साखळी ना जोडरेघा. धामणीची. म्हणजे सारा पावसाळा ती तेथेच होती, आणि हमाल रोज त्याच थप्पीवर चढत-उतरत होते.